पोटातला शेवटचा मिलिमीटर

मी एक जुना सिलिंडर आहे. स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून फुसफुसतो तो नव्हे. त्याचं नि माझं नाव सारखं, एवढाच काय तो संबंध. मी मोटरसायकलच्या इंजिनाचा सिलिंडर. बाहेरून पाहिलंत तर एकावर एक ताटल्या रचल्यासारखा दिसेन. त्या ताटल्या म्हणजे माझे पंख, वाऱ्याने अंग गार राहावं म्हणून दिलेले. आतून मी पोकळ आहे. त्या पोकळीत पिस्टन नावाचा धातूचा डबा मिनिटाला हजारो वेळा खालीवर पळतो आणि त्याच्या पळण्यावर चाक फिरतं. माझं सगळं आयुष्य त्या पोकळीच्या भिंतीत आहे. बाहेरून तुम्ही कुठलाही रंग फासा.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा हळव्या असतात. मोडकी खुर्ची रडते, फाटकी छत्री उसासे टाकते. मला ते जमायचं नाही. मी ओतीव लोखंडाचा आहे आणि मला राग आलेला आहे. कशाचा, ते सांगतो.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. रसरशीत लोखंड ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला आणि मला बाहेर काढलं. मग यंत्रावर चढवून माझं पोट बरोबर सत्तर मिलिमीटर रुंद कापलं, आणि शेवटी बारीक दगडांनी घासून भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उठवली. ती जाळी शोभेची नव्हती. त्या रेघांत तेल थांबतं, आणि तेल थांबलं तरच पिस्टन भिंतीला न खाता पळतो.

तरी भिंत झिजतेच. वर जास्त, खाली कमी. गोल भोक हळूहळू लांबट होतं. इंजिन धूर ओकायला लागतं, चढावर धापा टाकतं. मग मला उतरवून भिंत पुन्हा गोल कापतात आणि किंचित मोठा पिस्टन घालतात. याला रिबोअर म्हणतात. पहिल्यांदा पाव मिलिमीटर कापायचं, मग अर्धा, मग पाऊण, मग एक. एकच्या पुढे माझ्या मापाचा पिस्टन मिळत नाही आणि भिंतही पातळ पडते. म्हणजे माणसांना माझ्या बाबतीत चारच वेळा चुकून सावरता येतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण ज्यांनी ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही.

माझे पहिले मालक गुरांचे डॉक्टर होते. औषधांची पेटी मागे बांधून ते गोठ्यागोठ्यांतून फिरत. सकाळी गाडी सुरू केली की लगेच गिअर टाकत नसत. दारात धाकटी मुलगी दप्तर घेऊन मागच्या सीटवर चढायची घाई करत असे. ते तिला म्हणत, "थांब गं. आधी तेल वर चढू दे. आपण तरी अंथरुणातून उठल्या उठल्या धावतो का?"

असा माणूस मला तेरा वर्षं लाभला. त्या तेरा वर्षांत माझी भिंत झिजली, पण सरळपणे झिजली. डॉक्टरांनी मला एका गल्लीतल्या मशीनवाल्याकडे नेलं. टायरवाल्याच्या आणि गाद्या शिवणाऱ्याच्या मधोमध त्याचं दुकान होतं. त्याला सगळे केसभर म्हणत, कारण प्रत्येक कामाला त्याचं एकच उत्तर असे, "अजून केसभर." त्याने मला वर, मध्ये, खाली अशा तीन जागी मोजलं, आडवं मोजलं, उभं मोजलं. पिस्टन हातात घेऊन तोही मोजला. मगच मशीन सुरू केलं. पाव मिलिमीटर गेला, पण एवढ्या हळुवारपणे की मला राग धरायला जागाच उरली नाही.

डॉक्टरांचे गुडघे गेले आणि गाडी थोरल्या मुलाकडे आली. थोरला मनाने वाईट नव्हता. हात सढळ, बोलणं गोड, मित्रांमध्ये राजा. पण त्याला गाडी पळायला हवी नव्हती, तिचा आवाज व्हायला हवा होता. कोणीतरी त्याला सांगितलं की हवेची जाळी काढली की गाडी वाघासारखी गुरगुरते. त्याने ती काढून कोनाड्यात फेकली. त्या जाळीचं काम धूळ अडवण्याचं. दोन उन्हाळे मी रस्त्याची धूळ गिळली. तेलात कालवलेली धूळ म्हणजे भांडी घासायची भुकटीच. ती पिस्टनबरोबर खालीवर फिरली आणि माझी भिंत खात राहिली. तेरा वर्षांत जेवढा झिजलो नव्हतो तेवढा मी दोन वर्षांत झिजलो. केसभरने मला अर्ध्यावर कापलं तेव्हा तो थोरल्याशी एक शब्द बोलला नाही. डॉक्टरांना मात्र म्हणाला, "दोन गेले. दोन राहिले. पोराला सांगा."

पोराला सांगितलं. पोराने मान हलवली. पुढे त्याने चारचाकी घेतली आणि मला मागच्या पत्र्याच्या खोलीत ढकललं. अंगावर गोणपाट टाकलं, त्यावर जुना पंखा ठेवला. डॉक्टर गेले. गोणपाटाला ओल आली, भिंतीला गंज चढला. एकवीस वर्षं पिस्टन एका जागी अडकून माझ्या पोटात बसून होता. एवढ्या वर्षांत थोरला त्या खोलीत यायचा तो फक्त शिडी न्यायला.

मला बाहेर काढलं ते धाकटीने. दप्तर घेऊन मागे बसणारी ती मुलगी आता शाळेच्या प्रयोगशाळेत काम करत होती, केस पांढरे व्हायला लागले होते. तिने सुटीच्या दिवसांत एकेक नट सोडवला, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून डब्यात ठेवला. अडकलेल्या पिस्टनवर रोज थोडं तेल सोडत राहिली. एकदाही हातोडा मारला नाही. नवव्या दिवशी पिस्टन हलला. तिने हात पुसले आणि ती पायरीवर बसली.

मग ती मला पिशवीत घालून केसभरच्या दुकानात घेऊन गेली. केसभर आता खिडकीशी स्टुलावर बसलेला असे. दृष्टी गेली होती. मशीन त्याची सून चालवत होती. गल्लीत तिला सगळे मशीनवाल्या वहिनी म्हणत. सासऱ्याने तिला शिकवलं होतं, आणि तिने मनावर घेऊन शिकून घेतलं होतं.

केसभरने माझ्या पोटात हात घातला. बोट भिंतीवरून वर सरकवलं आणि काठाशी थांबला. "वर कडा झालीय. नख अडकतंय." मग दुसरीकडे बोट नेलं आणि त्याचा चेहरा बदलला. "हा डॉक्टरांचा आहे."

"मामंजी, कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"आपण कापलेला हाताला कळतो."

वहिनींनी मला मोजून वहीत आकडे लिहिले. धाकटीला म्हणाल्या, "ताई, गंजाचे खड्डे आहेत, पण फार खोल नाहीत. पाऊणमध्ये निघून जातील. म्हणजे एक अजून हातात राहतो. फक्त आधी पिस्टन आणा. तो हातात आला की त्याच्या मापाने मी कापते. पिस्टन नसताना कापणार नाही."

"किती दिवस लागतील?"

"पाऊणचा जुना पिस्टन शोधावा लागेल. महिना धरा."

धाकटी म्हणाली, "गाडी एकवीस वर्षं थांबली, महिनाभर काय."

मित्रांनो, त्या दुकानाच्या फळीवर, स्वच्छ कापडात गुंडाळलेला मी फार सुखात होतो. तिथेच मला राहू दिलं असतं तर ही कहाणी मी हळव्या सुरात सांगितली असती.

चौथ्या दिवशी थोरला आला. शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याने वडिलांच्या गाडीचं नाव देऊन टाकलं होतं. बहिणीने नट मोजले, गंज घासला, तेव्हा हा कुठे होता ते विचारू नका. आता दोन आठवडे उरले होते.

"दादा, पिस्टन अजून आला नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, हायवेवर एक जण तासाभरात करून देतो. यांचं म्हणजे काय, लग्नाला चला म्हटलं तर बारशाला पोचतील."

वहिनींनी मशीन बंद केलं. "तासाभरात कापून होतं. मोजून होत नाही."

"वहिनी, तुमचं काम चांगलंच आहे. पण एवढं बारीक बघायला आपण काय विमान उडवणार आहोत? चालून जाईल."

तो मला उचलून घेऊन गेला. धाकटी दारात उभी होती. ती नको म्हणू शकली असती. शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता, मी पाहिला. पण लहानपणापासून दादा म्हणेल ते ऐकायची सवय. ती गप्प राहिली. तिच्यावरही मी रागावलो. अजूनही थोडा आहे.

हायवेवरच्या त्या दुकानात मिस्त्री खांद्यात फोन दाबून बोलत होता. माझ्या बुडाला जुन्या पॅकिंगचे तुकडे चिकटलेले होते, ते न खरवडताच त्याने मला मशीनवर आवळलं. "पाऊणचा पिस्टन नाही. एकचा आहे, तयार. घालू का?"

"घाला की," थोरला म्हणाला.

एवढ्या दोन शब्दांत माझा पाऊण आणि माझा एक, दोन्ही गेले. जो शेवटचा पाव मिलिमीटर पुढच्या कुठल्यातरी पिढीसाठी राहणार होता, तो प्रदर्शनाच्या घाईत पंधरा मिनिटांत कीस होऊन जमिनीवर पडला. त्यावर मिस्त्रीची चप्पल पडली.

पिस्टन आणि भिंतीमधल्या फटीसाठी थोरल्याने कुठेतरी ऐकलेला शब्द टाकला. "क्लिअरन्स किती ठेवणार?"

"टाइट ठेवतो. टाइट असलं की खडखड होत नाही."

"आणि ते दगडाने घासणं वगैरे?"

"पॉलिश पेपर मारतो. आत तोंड दिसेल असा करून देतो."

आणि खरोखरच त्याने माझी भिंत आरशासारखी केली. थोरल्याने वाकून आपलं तोंड पाहून घेतलं आणि तो खूश झाला. तेल धरायला एक रेघ शिल्लक नव्हती. पिस्टन तापला की माझ्यापेक्षा जास्त फुगतो. त्याला फुगायला जागा लागते. ती जागा ठेवली नव्हती. बुडाला राहिलेल्या त्या तुकड्यांमुळे मी किंचित तिरकाही कापला गेलो होतो. हे सगळं मला कळत होतं. ओरडून सांगायला माझ्याजवळ काय होतं? लोखंडाला बोलता आलं असतं तर निम्मे मिस्त्री उपाशी राहिले असते आणि उरलेले निम्मे शहाणे झाले असते.

मला पुन्हा गाडीवर बसवलं आणि प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी थोरला ती घेऊन निघाला. मागे धाकटी बसली. टाकी चमकत होती, चाकांच्या तारा चमकत होत्या. सपाटीवर मी कसाबसा निभावलो. पुढे चढ लागला. दोन माणसांचं वजन, नवा पिस्टन, आणि थोरल्याने कान पिरगळावा तशी मूठ पिरगळलेली. पिस्टन फुगत गेला. तेलाचा पापुद्रा फाटला. धातूला धातू लागला आणि एका क्षणात पिस्टन माझ्या भिंतीला चिकटून जागच्या जागी थांबला. मागचं चाक लॉक झालं. गाडी आडवी घसरत गेली.

थोरल्याचं कोपर खरचटलं. धाकटी हातावर पडली. तिचं मनगट मोडलं.

तो तिला उठवून कडेला बसवून परत आला आणि त्याने मला लाथ मारली. "जुनाट लोखंड. ऐन वेळी दगा दिला."

मित्रांनो, माझ्या सगळ्या रागाचं मूळ तिथे आहे. झिजवलंत, धूळ चारलीत, गोणपाटाखाली कुजवलंत, तिरका कापलात, हे सगळं मी लोखंडाचं नशीब म्हणून सोसलं असतं. पण ज्याने मोजलं नाही त्याने मला दगाबाज म्हणावं? त्या मिस्त्रीनेही तेच सांगितलं, "लोखंडच जुनं, आमचा काय दोष." घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला थोरल्याने तेच ऐकवलं. पंधरा दिवस मी एका खोक्यात पडून माझी बदनामी ऐकत होतो.

हाताला प्लास्टर असताना धाकटीने मला पुन्हा केसभरच्या दुकानात आणलं. या वेळी थोरलाही आला, आपलं म्हणणं सिद्ध करायला.

वहिनींनी मला आधी केसभरच्या मांडीवर ठेवलं. त्याने आत हात घातला. ओरखडे इतके खोल होते की बोट अडखळत वर गेलं. त्याने हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि खिडकीकडे तोंड केलं. ज्या भिंतीला त्याने दोनदा हात लावला होता, तिच्यातलं त्याचं काम उरलं नव्हतं.

"लोखंड जुनं झालं की असं होतंच ना, काका?" थोरल्याने विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. "बसा. आपण मोजू."

त्यांनी पिस्टनचा शाबूत राहिलेला भाग मोजला. त्या मापावर भोक मोजायच्या घड्याळाचा काटा शून्याला लावला. मग ते मोजमापाचं घड्याळ माझ्या पोटात खाली सोडलं, जिथे ओरखडे पोचले नव्हते. "मी नाही वाचत. तुम्ही वाचा. काटा सरकेल तेवढी पिस्टन आणि भिंतीमधली फट. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग."

थोरला वाकला. "चार."

"आता आडवं फिरवते."

"तीन."

"किती हवे होते, ते तिथे लिहिलंय." भिंतीवर तेलकट झालेला एक तक्ता होता.

थोरल्याने बोट ठेवून ओळ शोधली. त्याचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं.

"मोठ्याने वाचा ना," धाकटी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"दहा," थोरला म्हणाला.

"लोखंडाने दगा दिला नाही, दादा. लोखंडाला आपण श्वास घ्यायला जागा दिली नाही. मी त्या दिवशी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, ही माझी चूक. तुझी कुठली, ते तू बघ."

थोरला बाहेर गेला आणि टायरवाल्याच्या दुकानासमोर उभा राहिला.

"मामंजी, आता?" वहिनींनी विचारलं.

"आता कापायला काही राहिलं नाही. आतलं सगळं काढ. लायनर घाल."

लायनर म्हणजे लोखंडाची नवी नळी. ती बसावी म्हणून माझी उरलेली भिंत कापून काढावी लागली. गोठ्यागोठ्यांतून फिरलेली भिंत, डॉक्टर जिच्यासाठी रोज सकाळी थांबत ती भिंत, सगळी गेली. मग मला भट्टीत तापवलं, नळी बर्फात गार केली आणि वहिनींनी एका हालचालीत ती माझ्या आत उतरवली. मी गार झालो आणि तिला कायमचं आवळून धरलं. त्यानंतर पिस्टन आला. आधी तो मोजला, मग मला कापलं, मग दगडांनी तिरक्या रेघा उठवल्या. पुन्हा सत्तर मिलिमीटर, जन्माच्या दिवशी होतो तसा. काम उत्तम झालं. केसभरने बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच "अजून केसभर" म्हणाला नाही. पण मित्रांनो, माझ्या पोटात आता दुसऱ्याची भिंत आहे. त्या नळीशी माझं वैर नाही. ती गरीब आहे, काम चोख करते. तरी ती मी नाही.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला धाकटी मला चालवत घेऊन गेली. पहिले पाचशे किलोमीटर तिने हळू, थांबत थांबत, एकटीने केले. किल्ली कोणाला दिली नाही. मैदानात गाड्यांच्या रांगा होत्या. थोरला इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभा होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "इंजिन मूळचंच का हो?"

"सगळं मूळचं," थोरला सवयीने म्हणून गेला. "वडिलांच्या वेळचं, जसंच्या तसं."

माझे पंख तापलेलेच होते. ते आणखी तापले.

"नाही," धाकटी म्हणाली. "बाहेरून मूळचं आहे. आतलं आम्ही घालवलं."

आजूबाजूचे चारपाच लोक वळून बघायला लागले. म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "घालवलं म्हणजे?"

धाकटी टाकीवरची धूळ पुसू लागली. तिने भावाकडे पाहिलंही नाही. थोरल्याचे कान लाल झाले. त्याने खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. तो आता विनोद करून वेळ मारून नेईल असं मला वाटलं. त्याला ते चांगलं जमतं.

"न मोजता कापून घेतलं," तो म्हणाला. "घाई होती. मी केलं ते. हिचं मनगट त्यात मोडलं, आणि मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो की लोखंड खराब होतं."

गृहस्थांनी काही उपदेश केला नाही. खाली वाकून माझ्या पंखांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "लोखंड चांगलं आहे हे."

"हो," थोरला म्हणाला. "चांगलं आहे."

माझा राग गेला का? नाही. जे कापलं ते कापलं. कबुलीने भिंत उगवत नाही. पण बदनामी मात्र त्या दिवशी धुतली गेली, आणि ती ज्याने केली त्याच्याच तोंडून.

मित्रांनो, मला तुमची दया नको. माझ्यावर फुलं वाहू नका, मला काचेच्या कपाटात ठेवू नका. आजोबांचं घड्याळ असो, आईचं शिवणयंत्र असो, शेजाऱ्याची सायकल असो, तुमच्या हाती जुनी वस्तू येईल तेव्हा चमकवण्याआधी तिच्या आत बघा. माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याच्या दारात थांबा, महिना लागला तरी थांबा. कोणी घाई करत असेल आणि तुम्हाला ते चूक वाटत असेल, तर तो दादा असो की आणखी कोणी, तोंड उघडून नको म्हणा. तुम्हाला तोंड आहे.